धाकट्याची ओळ

मित्रांनो, तुमच्या वर्गात जो फळा आहे, त्याचा मी एक दूरचा चुलतभाऊ. वयाने बराच थोरला. पण मी शाळेची पायरी कधी चढलो नाही. माझ्यावर कुणी गणित सोडवलं नाही, सुविचार लिहिला नाही, की बोलणाऱ्या मुलांची नावं टिपली नाहीत. माझं सगळं आयुष्य लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये गेलं. माझ्यावर तीनच रकाने आखलेले आहेत: नाव, गेला, आला.

माझा जन्म खोक्यातला. स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली तेव्हा विमानांचे पंख मोठाल्या लाकडी खोक्यांतून आले. पंख विमानांना लागले आणि खोकी सुताराच्या वाट्याला आली. त्याने चांगलं लाकूड निवडलं, रंधा मारला आणि सांधे असे बसवले, की त्यांत आजही नख शिरत नाही. वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. "विमानांपेक्षा जास्त टिकेल," असं तो म्हणाला, तेव्हा सगळे हसले. त्याचं बोलणं पुढे खरं ठरलं, पण तोवर हसणाऱ्यांपैकी तिथे कुणी उरलं नव्हतं.

स्क्वाड्रन म्हणजे काय, हे मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. सोळा-अठरा विमानं, ती उडवणारे वैमानिक आणि त्यांची निगा राखणारी शंभर-दीडशे माणसं, एवढंच मला वाटायचं. पण विमानं वीस वर्षांत म्हातारी होतात आणि माणसं तीन वर्षांत बदलून जातात. माझ्यासमोर पंख्याची विमानं गेली, मग नळकांड्यासारखी जेट विमानं आली, तीही गेली, आणि मग तिरक्या पंखांची आली. तरी स्क्वाड्रन तीच. कारण तिचा आकडा तोच होता आणि तिचं चिन्ह तेच: खंड्या. फांदीवर बसून वाट पाहणारा आणि मग एकदम सूर मारणारा. इथली माणसं एकमेकांना 'खंड्या' म्हणत. नव्या वैमानिकाला पहिल्या दिवशी भिंतीसमोर उभं करून आजवरच्या सगळ्या प्रमुखांची नावं क्रमाने म्हणायला लावत. एखादं चुकलं की मागून कुणीतरी म्हणायचं, "अरे, स्वतःच्या पणजोबांना विसरलास?" ही वंशावळ एका जाड इतिहासवहीत लिहिलेली होती, आणि ती वही माझ्याच खाली टेबलावर असायची.

माझ्याबाबतचा नियम पहिल्या प्रमुखाने घालून दिला होता. उड्डाणाआधी नाव आणि वेळ कारकून लिहील. परत आल्यावर वैमानिक 'आला'च्या रकान्यात आपल्या हाताने वेळ घालेल, कारकून ती उड्डाणांच्या वहीत उतरवून घेईल, आणि मग वैमानिक आपलं नाव स्वतःच पुसेल. ज्याचं नाव त्याने पुसायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे मी सगळ्यांना तळहातांवरून ओळखायचो. कुणी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निगुतीने पुसायचा. एक जण नुसती चार बोटं फिरवून जायचा, आणि त्याचं अर्धं नाव दुसऱ्या दिवशीही माझ्यावर असायचं. हात नेहमी घामेजलेले असत. मला तो ओलावा आवडायचा. माणूस सुखरूप आला, याची ती पावती होती.

लिहिणाऱ्या कारकुनाला सगळे 'मास्तर' म्हणत, कारण त्यांच्या हातात कायम खडू. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस; मुलकी नोकरीतला, म्हणून त्यांची बदली होत नसे. अक्षर मात्र असं, की वाचताना डोळ्याला कुठे ठेच लागू नये. उडायला निघालेले वैमानिक जाता जाता विचारत, "मास्तर, आज किती मार्क?" मास्तर मान वर न करता म्हणत, "आधी परत या, मग देतो."

आमच्यात एक वैमानिक होता, धाकटा. स्क्वाड्रनमध्ये वयाने सगळ्यांत लहान, घरीही चार भावंडांत शेवटचा, म्हणून ते नाव. माझ्यावर टोपणनावंच लिहिली जात. मग युद्ध लागलं, आणि त्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मास्तरांनी चार नावं लिहिली. चौथं धाकट्याचं होतं. गेला: सात वाजून दहा मिनिटं.

तिघं परत आले. तिघांनी आपापली नावं पुसली. त्या दिवशी त्यांचे हात कोरडे होते.

संध्याकाळी प्रमुख माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मास्तरांनी हळूच विचारलं, "साहेब, या ओळीचं काय करू?"

"राहू दे," ते म्हणाले. "नाव त्याचं आहे. येईल तेव्हा तो पुसेल."

तो आला नाही. युद्ध संपलं, कैद्यांच्या याद्या आल्या, त्यांतही तो नव्हता. प्रमुखांनी इतिहासवहीत एक वाक्य लिहायला सांगितलं आणि मास्तरांनी ते आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'त्या दिवसापासून या ओळीला कोणीही हात लावलेला नाही आणि लावणार नाही.'

मित्रांनो, आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते तेव्हा फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि मास्तरांना. खडू टिकत नाही. बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं की खिडक्यांची तावदानं थरथरत, आणि माझ्या अंगावरून पांढरी भुकटी झरत राही. महिन्याभरात 'ध' ओळखू येईना.

मास्तर एका सकाळी सगळ्यांच्या आधी आले. दाराला आतून कडी घातली. खिशातून एक खडू काढला आणि धाकट्याचं नाव जसंच्या तसं, रेघेवर रेघ ठेवून, गिरवलं. 'सात दहा' गिरवलं. 'आला'चा रकाना रिकामाच ठेवला. मग बोटं झटकून कडी काढली. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला ते असेच लवकर येत. खडू जास्त टिकावा म्हणून तो साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवलेला असायचा. त्यामुळे माझ्या त्या एकाच ओळीवर मुंग्या यायच्या. मास्तर फुंकर मारून त्यांना बाजूला करत आणि पुटपुटत, "चला गं बायांनो, हा खाऊ तुमचा नाही."

बाकीच्यांना तो चमत्कार वाटायचा. पाहुणे येत, टोप्या काढून उभे राहत. इतकी वर्षं झाली, पण खडू जसाच्या तसा, असं म्हणत. माझं कौतुक होई. मास्तर मागे टेबलापाशी कागद चाळत बसलेले असत.

एकदाच धाकट्याची आई आली. ती बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. तिने हात वर केला, पण ओळीपासून वीतभर अंतरावरच थांबवला. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे. त्या दिवशी नेमकी एक तारीख होती.

"तुम्हीच लिहिलं होतं ना?" तिने विचारलं.

मास्तर म्हणाले, "हो."

"बरं केलंत," ती म्हणाली. "असंच राहू द्या."

वर्षं गेली. धाकट्यापेक्षा लहान मुलं वैमानिक होऊन आली, तीही बदलून गेली, कुठेतरी त्यांचे केस पांढरे झाले. तो धाकटाच राहिला. मास्तर निवृत्त झाले, पण जवळच खोली घेऊन राहिले. जुन्या लोकांना भेटायचं निमित्त सांगून दर एक तारखेला सकाळी यायचे. हे काम त्यांना दुसऱ्या कुणावर सोपवता येत नव्हतं. सोपवायचं तर आधी सांगावं लागलं असतं, आणि कुणीही हात लावलेला नाही हे वाक्य तर त्यांच्याच अक्षरातलं होतं.

मग तिरक्या पंखांची विमानंही थकली आणि बदल्यात नवी मिळाली नाहीत. अशा वेळी स्क्वाड्रन मोडली असं म्हणत नाहीत, आकडा निजवला असं म्हणतात. छोटा समारंभ झाला. निशाण घडी करून मुख्यालयात गेलं, चांदीचा चषक गेला, इतिहासवही गेली. मला हवाई तळाच्या टोकाला असलेल्या गोदामात ठेवलं. तिथे निजलेल्या आणखी दोन स्क्वाड्रनचे फळे होते. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. गोदामाच्या यादीत आमची नोंद होती: 'फर्निचर, इतर'.

पहिल्या एक तारखेला मी वाट पाहिली. दुसऱ्याही. गोदामाचा रखवालदार दारात कुणाशी तरी बोलताना म्हणाला, की एक म्हातारा आत येऊन फळा बघायची परवानगी मागतो आहे, आता त्याला कुठल्या नमुन्यात अर्ज करायला सांगू? तो हसला, पण वाईट हसला नाही. खरोखरच तसा नमुना नव्हता. पुढची दोन वर्षं अधूनमधून मला दाराबाहेर ते ओळखीचं खोकणं ऐकू यायचं. मग तेही थांबलं.

मित्रांनो, फळ्याला एकटेपण म्हणजे काय ते सांगतो. धूळ बसते, त्याचं काही नाही. पण माझ्यावर कुणी जात नव्हतं, म्हणून कुणी येतही नव्हतं. धाकट्याचं नाव कण कण झरत होतं. आधी काना गेला, मग 'सात' गेलं. मी अंगाने शक्य तितका स्थिर राहिलो. फळ्याला याहून जास्त काही करता येत नाही. नवव्या वर्षी मी पूर्ण कोरा झालो. मुंग्या मात्र येत राहिल्या.

अकराव्या वर्षी आकडा जागा झाला. नवी विमानं, नवी इमारत, नवे प्रमुख. धाकटा गेला तेव्हा ते जन्मलेही नव्हते. पण त्यांनी इतिहासवही पाठ केलेली होती. ते गोदामात आले आणि एकेका फळ्यावर विजेरीचा झोत फिरवून म्हणाले, "यांतला एकही आपला नाही. आपल्या फळ्यावर ओळ आहे." रखवालदाराने सांगितलं की साहेब, याखेरीज फळे नाहीत. प्रमुख चांगला माणूस होता. त्याला खोटी वस्तू भिंतीवर नको होती. महिनाअखेरीस गोदाम रिकामं व्हायचं होतं, आणि ज्यांना कुणी आपलं म्हटलं नाही ती लाकडं भट्टीत जायची होती. मला तोंड नाही. मी त्याच्या विजेरीच्या झोतात कोरा उभा होतो.

जुन्या लोकांना समारंभाची पत्रं गेली होती. मास्तरांच्या पत्त्यावरचं पत्र त्यांच्या मुलीने उघडलं. मास्तर जाऊन चार महिने झाले होते; जाण्याआधी त्यांनी तिला ओळीचं गुपित सांगितलं होतं. ती आली, केस पिकायला लागलेली बाई, हातात पत्र्याची एक डबी. फळ्यासमोर डबी ठेवून परत जायचं, एवढंच तिच्या मनात असावं. प्रमुखांनी फळा सापडला नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "मग कोणते सापडले?"

गोदामात येऊन तिने रुमाल पाण्यात भिजवला. तिन्ही फळ्यांच्या चौथ्या ओळीवर एकेकदा फिरवला, आणि मागे सरून थांबली. पहिले दोघे वाळून सारखे काळे झाले. मी वाळताना तेवढ्या रेघा ओल्या राहिल्या. इतक्या वर्षांची साखर लाकडात मुरली होती. क्षणभर मी पुन्हा धाकट्याचं नाव अंगावर घेऊन उभा राहिलो.

"म्हणजे ते हे नाव पुन्हा पुन्हा लिहीत होते?" प्रमुखांचा आवाज चढला. "मग वहीतलं वाक्य खोटं आहे?"

"ते वाक्य खोटं आहे," ती म्हणाली. "ओळ खरी आहे."

तेवढ्यात रखवालदार म्हणाला, "तरीच. या एकाच फळ्यावर मुंग्या का येतात म्हणून मी अकरा वर्षं विचार करतोय." कुणी हसलं नाही.

प्रमुखांनी तिला विचारलं, ती हे नाव पुन्हा लिहील का. तिने डबी उघडली. त्यात साखरेत भिजवलेले सात खडू होते. ती म्हणाली, "आज लिहिते. पण दर महिन्याला मला यायला जमणार नाही. ते तुम्हाला करावं लागेल." तिने लिहिलं. तिला अक्षरं मास्तरांनीच पाटीवर गिरवायला शिकवली होती. 'ध'ची गाठ, 'क'चा पोटाकडे झुकलेला गोल, सगळं तेच. लिहून झाल्यावर ती माझ्या बाकीच्या ओळींवरून नजर फिरवत राहिली. तिच्या वडिलांचं नाव माझ्यावर कधी लिहिलं गेलं नव्हतं. ते कधी उडाले नाहीत. हे तिला माहीत असणार, तरी तिने पाहिलं. मग रुमाल घडी करून ती गेली.

मी आता नव्या खोलीत आहे. इतिहासवहीत जुन्या वाक्याखाली नवं वाक्य आलं आहे: 'ही ओळ दर महिन्याच्या एक तारखेला गिरवावी.' प्रमुख स्वतः येतात. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण गिरवताना ते फार जपून गिरवतात, रेघेवर रेघ. दाराला कडी घालत नाहीत. संध्याकाळी सगळे परत येतात, ओल्या हातांनी आपापली नावं पुसतात, दिवे मालवले जातात. मग मी आणि धाकटा.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही, असं तुम्हाला कुणी सांगेल. ऐकून घ्या, आणि एक तारखेला थोडं लवकर उठा. मास्तरांचं नाव तुम्हाला माझ्यावर सापडणार नाही. पण धाकट्याची ओळ वाचाल, तेव्हा त्यांचं अक्षर वाचत असाल. ते पुसट होतंच. गिरवत राहा.