सातवं पान

प्राध्यापक अकांडे बोलायला उभे राहिले तेव्हा सभागृहातली पोरं भुकेने कुरकुरत होती, आणि ते बसले तेव्हा निम्मी झोपली होती. मधल्या वेळात पूर्वजांचं ज्ञान, स्वतःचा त्याग आणि मंत्रीमहोदयांची दूरदृष्टी, सगळं सांगून झालं. सिकलसेलच्या पोरांची हाडं कशी दुखतात तेवढं सांगायचं राहिलं. समोरच्या नव्वद पोरांना ते माहीतच होतं म्हणा.

त्यातलीच एक अबेकेच्या मांडीवर होती. तिची लेक तिती, सात वर्षांची, वजन पाच वर्षांच्या पोरीचं, डोळ्यांत हळद उतरलेली. मागच्या महिन्यात कळा आल्या तेव्हा अबेकेने चार दिवस तिचे गुडघे गरम फडक्याने शेकले. पाचव्या दिवशी पोरीनेच विचारलं, तू दमलीस का. तेव्हापासून कुणी काही पाज म्हटलं की अबेके आधी हात पुढे करायची आणि मग विचार करायची.

आज पाजायचं होतं ते बाटलीतलं काळपट पाणी. विद्यापीठाने शोधलेलं सिकलसेलचं औषध. शोधलेलं म्हणजे अबेकेच्या आईकडून लिहून नेलेलं. तिला सगळा बाजार ईया, म्हणजे आईच म्हणायचा. ओयो शहराच्या अकेसान बाजारात ती चाळीस वर्षं झाडपाला विकत होती, म्हणून आज पहिल्या रांगेत खुर्ची आणि संयोजकांनी वाटलेलं जांभळं कापड.

नावं पुकारली गेली. पोरांनी मंचावर जायचं, गुडघे टेकायचे, चमचा तोंडात घ्यायचा, फोटो. तिती रांगेत सहावी. उभ्याउभ्या अबेकेने टेबलावरची एक बाटली उचलून मागचा कागद वाचला. दातवणाची मुळी. तुरीचा पाला. कच्ची पपई. अशी सहा नावं, सगळी ओळखीची. सातवं नाव असुन्वोन.

असुन्वोन जुलाबाचा पाला. अशा पोरांच्या अंगातलं पाणी गेलं की रक्त घट्ट होतं आणि कळा सुरू होतात, हे दवाखान्याच्या भिंतीवरसुद्धा रंगवलेलं आहे.

तिने तितीला रांगेतून ओढलं आणि ईयासमोर बाटली धरली. यात असुन्वोन आहे, तू सांगितलंस का, असं विचारलं.

ईया हो म्हणाली. पाला विकणाऱ्यांत रीतच आहे. परक्याला नुस्खा सांगताना एक खोटं पान घालायचं. खरा शिकणारा दोनतीन वर्षं पायाशी बसतो, ते पान ओळखतो, हसत काढून टाकतो. एरवी ते पान गरीब असतं, ना गुण ना अवगुण. या वेळी ईयाने मुद्दाम वाकडं निवडलं होतं.

"तीन वर्षांपूर्वी नुस्खा विचारायला आला तेव्हा हा साहेब गाडीतून उतरला आणि हात पुढे केला," ती म्हणाली. "हात! माझ्या पोराच्या वयाचा पुरुष. जमिनीला छाती लावून नमस्कार करायचा, तर हात देतो. म्हटलं, घे बाबा, पी आणि पळत सूट. पोरांना देण्याआधी तपासून ते पान काढतीलच असं वाटलं."

"तो कुठे पितोय, ईया? पोरं पितायत."

मंचावर पहिल्या पोराने गुडघे टेकले होते. तोंड उघडलं होतं. ईया उठली. सत्तरीतली बाई, पण पायऱ्या दोन ढांगांत चढली, आणि चमच्यावर पंजा ठेवला. माईकसमोरच सगळं सांगून टाकलं.

अकांडे आधी हसले. प्रयोगशाळेत तपासलंय म्हणाले, दोनशे उंदरांवर. ईयाने विचारलं, उंदरांना जुलाब झाले का? साहेबांची सहायक भाबडी होती. तिने फाईल चाळून, झाले होते म्हणून सांगितलं, 'इतर निरीक्षणे' या मथळ्याखाली.

आया उठू लागल्या. पाला विकणारीचीच नात पीत नाही म्हटल्यावर आणखी कुठला पुरावा लागतो? अकांडे ईयाच्या कानाशी आले. आवाज आता मधासारखा. "आई, सातवं काढलं तर बाकीचं चालेल ना?"

"बाकीची सहा खरी आहेत हे तुला कुणी सांगितलं?" ईया म्हणाली आणि खाली उतरली.

बाहेर झाडाखाली अबेकेने तितीला पाण्याची पिशवी फोडून दिली. अबेकेला आईचा अभिमान वाटायला हवा होता. वाटत होता राग. एका नमस्कारापायी तीन वर्षं गप्प बसली बाई.

"आणि माझ्या पोरीला देतेस त्या काढ्यात?" तिने विचारलं.

ईयाने जांभळ्या कापडाची घडी सारखी केली. "त्यात खोटं काही नाही. पण पुरतंही नाही. कधी कळा कमी होतात, कधी नाही. तुला तसं सांगायची हिंमत नव्हती." मग तितीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "काढा उद्यापासून मी देत नाही. दवाखान्यात तिला पुन्हा कधी बोलावलंय?"

"मंगळवारी."

"मी येते. डॉक्टरला सांगेन आजवर काय काय पाजलं ते. सगळी पानं, खरी खरी."