मागची बाजू

पूजा आटोपून प्रियदर्शनी दिंद्रुडच्या वाचनालयात आली. चपला बाहेर काढल्या आणि कपाटातलं ते जाडजूड चित्रांचं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं. चित्रं काढायला ती शिकली ती याच पुस्तकावरून. उघडण्याआधी त्या गुळगुळीत कागदाचा वास घ्यायचा, हाही तिचा एक नेमच. गावच्या देवळात भिंतीवर ती देवी रंगवत होती. आशीर्वादाचा हात तेवढा राहिला होता.

पुस्तकात देवीचं पानच नव्हतं. शिवणीजवळ ब्लेडनं कापलेली कड उरली होती.

"नाथाभाऊ, पान कुठं हाय?"

ग्रंथपाल नाथाभाऊंनी मान खाली घालून भिंतीकडं बोट केलं. फ्रेममध्ये देवी, वर झेंडूचा हार. वाचनालयाचे अध्यक्ष अर्जुनराव खुर्चीतून हसले. "कपाटात कोंडलेली देवी मोकळी केली, ताई. पुण्याचं काम! नवरात्रात इथली पहिली आरती तुमच्याच हातानं."

"त्या पानाच्या मागं तिच्या हाताचं मोठं चित्र होतं."

"ते गेलं आता. डिंकानं फळीला पक्कं बसवलंय. अन् मागची बाजू कोण बघतंय?"

"मी बघते!" पेपर वाचणारे म्हातारे वळून बघायला लागले. हिचा असा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. "देवीचं नाव घेऊन पुस्तक कापलं तुमी. हात कसा धजला?"

"एका पानानं काय होतंय, ताई? लई मनावर घेता."

आरतीला नाही म्हणायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती ‘नाही’ म्हणाली, आणि तडक निघाली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अर्जुनराव देवळात आले नि दारातच थबकले. देवी प्रसन्न हसत होती, पण उजव्या मनगटापुढं नुसता पांढरा चुना.

"हे काय, ताई? खंडित देवी पुजायची कशी? गाव काय म्हणंल?"

"पुस्तक खंडित केलं तवा गावाला इचारलं होतं?" प्रियदर्शनीनं मागं वळूनही पाहिलं नाही. "एका हातानं काय होतंय? लई मनावर घेता."

अर्जुनरावांचा चेहरा पडला. "काय करू, सांगा."

"दुसरी प्रत मागवा. आख्खी. कपाटात ठेवा. ती आली की हात येईल."

"अन् उद्या?"

"उद्या घट बसंल. भिंतीवर पडदा राहील."

अर्जुनराव गेले. ती ब्रश धुऊ लागली. तो हात तिला डोळे मिटूनसुद्धा काढता आला असता. तिनं मनोमन देवीची क्षमा मागितली आणि पडदा ओढून घेतला.