खातूनबीचा तारेवरचा डबा

मी कासारीण. बांगड्या भरणं हा माझा धंदा आणि तोंड चालवणं हा माझा स्वभाव, मग कोणाला आवडो न आवडो. नंदुरबारच्या कापडबाजारात माझी ओटली मेहबूबशेठच्या दुकानाला लागूनच होती, त्यामुळे तिथं जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. हल्ली लोक ही गोष्ट सांगताना वाट्टेल ते घुसडतात. कोणी म्हणतं विजेवर चालायचं, कोणी म्हणतं साहेबाचं यंत्र आणलं होतं. यंत्र म्हणे, डोंबलाचं! चहाचा डबा होता तो, डबा. आता गप बसा आणि ऐका.

मेहबूबशेठ ऐन उमेदीत तापानं गेला. मागे राहिली त्याची बायको खातून, लहानगी शमा आणि कापडानं भरलेलं दुकान. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने घरात बसायचं, त्या इद्दतीत खातून होती तेवढ्या दिवसांत दुकान नवलनं सांभाळलं. नवल म्हणजे त्यांचा जुना नोकर, मान खाली घालून काम करणारा. इद्दत संपली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी खातूनचा दीर सत्तार अंगणात येऊन उभा राहिला. मी तेव्हा शमाला बांगड्या भरत होते.

"भाभी," तो म्हणाला, "आते तू घरमा आरामथीन बस. गादीवर मी बठस. तुन्ह्या चूलले जे लागी ते दर महिनाले भेजी देसू."

सत्तार काही वाईट माणूस नव्हता हो. चोर नव्हता, लबाड नव्हता. फक्त त्याचा तमाखूचा धंदा बुडाला होता आणि आपल्याइतकं डोकं दुनियेत कोणाला नाही अशी त्याची पक्की समजूत होती. असल्या माणसांचा मला भारी राग येतो.

तो गेल्यावर खातून म्हणाली, "मावशी, मन्ह्याच घरमा मी हात पसरू का? उद्या शमाले कपडा लागना, तर मन्ह्याच दुकानना कपडा मी त्याले मागू?"

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. कापडातलं तिला जेवढं कळायचं तेवढं मेहबूबलाही कळत नव्हतं. सुरतेहून माल आला की तो प्रत्येक तागा आधी घरात आणून तिच्यापुढे टाकायचा आणि ती नाक मुरडेल तो परत जायचा. पण ती पडद्यातली बाई. भर बाजारात गादीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं, ही गोष्ट त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आली नसती. आणि गादी रिकामी राहिली की सत्तार तिच्यावर बसणार, हे तर उघडच होतं.

चार दिवस गेले. मग एका दुपारी तिनं मला दुकानाच्या माळ्यावर नेलं. त्यांचं घर दुकानाच्या पाठीमागे, आणि अंगणातून एक जिना थेट माळ्यावर चढायचा. माळा म्हणजे तागे रचायची जागा. तिथल्या कठड्यातून खालचं सगळं दुकान दिसायचं.

"बहीणना लगीनले सुरत गयथू तवय मी एक दुकान देखेल शे," ती म्हणाली. "डोकावरथीन तार बांधेल. तारवर डबा. गिऱ्हाईक पैसा देस, नोकर डबामा टाकस, डबा सर्रकन मुनीमकडे जास आणि उरेल पैसा लई परत येस. मुनीम कोठे बठेल शे ते कोणलेच दिसत नही."

"बरं, मग?"

"मंग काय! मुनीमना जागावर मी बठसू. इथे, पडदामांगे."

मी तोंडावर हात ठेवून हसत सुटले. मग हसणं थांबलं आणि वाटलं, अगं बाई, ही खरंच बोलतेय की!

नवलनं सरकी काढायच्या जिनातल्या लोहाराला गाठलं. त्यानं जाड तार आणली, दोन लहान कप्प्या आणल्या, आणि खालच्या फळीपासून माळ्याच्या कठड्यापर्यंत तार ताणून बसवली. वर जाताना नवलनं दोरी ओढायची. खाली येताना खातूननं नुसता डबा सोडायचा, उतारानं तो आपोआप येई. पहिल्याच दिवशी तो असा काही सुटला की चौकशीला आलेल्या सत्तारची टोपी उडवून थेट रस्त्यावर नेली. टोपीमागे सत्तार, सत्तारमागे कुत्री, आणि मी ओटलीवर हसून हसून अर्धी झाले. मग तारेच्या खालच्या टोकाला कापसाची उशी बांधली.

सत्तारला मात्र हसू आलं नाही. तो तडक अनीसचाचांकडे गेला. जमातीत चाचांचा शब्द शेवटचा. माणूस सरळ, पण सगळं सावकाश. ते आले, डबा दोनदा वर-खाली करून बघितला, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "पडदा तर राखेल शे, त्यामा माले काही खोट दिसत नही. पण दुकान चालाले पाहिजे. होळीना बाजारना दिन मी सोता येसू. गिऱ्हाईक टिकना तर दुकान खातूननं. नही टिकना तर गादीवर सत्तार."

झालं! त्या एका दिवसावर येऊन ठेपलं सगळं.

आणि सांगायला वाईट वाटतं, पण डबा काही चालेना. बघायला लोक खूप यायचे, घ्यायला कोणी नाही. त्याचं कारण मला लवकरच कळलं. त्या सुरतेच्या दुकानात म्हणे एक भाव असायचा. सांगितला तेवढा द्यायचा आणि निघायचं. आमच्याकडे असं कोणी कापड घेतं का? आमच्याकडे गिऱ्हाईक आधी भाव ऐकून हसतं, मग उठून जातं, मग परत येतं, मग पोराबाळांची शपथ घालतं, दुकानदार कपाळाला हात लावतो, आणि मग कुठं सौदा होतो. आता भाव कमी करायचा अधिकार होता वर, पडद्याआड, आणि परक्या पुरुषाशी खातून पडद्याआडूनही बोलायची नाही. गिऱ्हाईक म्हणेल ते पैसे नवल डब्यात घालून वर पाठवायचा. पटले तर डबा रिकामा खाली यायचा, नाही पटले तर पैसे तसेच परत. गिऱ्हाईक परत हुज्जत घालायला तोंड उघडायचं, आणि समोर कोण? नवल. तो आपला मान खाली घालून उभा. लोक वैतागायचे. "डबासंगे काय भाव करू रे भाऊ?" म्हणायचे आणि शेजारच्या दुकानात जायचे.

मी खातूनला म्हटलं, "एकच भाव लाव आणि मोकळी हो." ती म्हणाली, "मावशी, त्या लोक माले धुतकारी देतीन. भाव कऱ्याशिवाय लुगडं नेसाले गोड लागत नही." तेही खरंच होतं.

होळीचा बाजार उजाडला. सातपुड्यातली माणसं प्रकाशा गावाशी तापी ओलांडून गाड्यांनी, पायी, झुंडीनं येत होती. ढोल वाजत होते, नवे दागिने उन्हात चमकत होते. बाजारभर नुसती रेटारेटी. अनीसचाचा दुकानाच्या बाकावर येऊन बसले. सत्तार नवा कोट घालून गादीपासून हातभर अंतरावर उभा राहिला, म्हणजे बसायला फार चालावं लागू नये.

सकाळ अशीच गेली. माणसं थांबायची, डबा बघून हसायची आणि पुढे जायची. मी मागच्या जिन्यानं वर गेले तर खातून पडद्याआड बसलेली, डबा मांडीत घेऊन. मला भडभडून आलं. मेला तो डबा, असं वाटलं, आणि मेला तो सत्तार.

तेवढ्यात खालून मोठा आवाज आला. आमशा नावाचा पहाडातला माणूस आणि त्याची बायको दिवलीबाई आली होती. होळीला नेसायला लाल लुगडं हवं होतं. आमशा बिचारा गप्प उभा होता, सगळा कारभार दिवलीबाईचा. तिनं सांगितले तेवढे पैसे वर आले. खातूननं परत पाठवले. जरा वाढवून आले, पुन्हा परत गेले. तिसऱ्या वेळी दिवलीबाईनं डबा दोन्ही हातांनी धरूनच ठेवला.

"वर कोण शे?"

"शेठाणी," नवल म्हणाला.

"बाई शे? मंग मी वर जास. मन्हा पैसा कोण लेस त्यानं तोंड तर देखू दे!"

सत्तार आडवा आला. "वर कोणले जाता येत नही! पडदा शे!"

"पडदा तुन्हासाठे शे," दिवलीबाई म्हणाली. "मी बाई शे, दिसत नही का तुले?"

मी काय, ऐकलं मात्र, तशीच जिना उतरून गल्लीतून वळसा घेतला, तिचा हात धरला आणि अंगणातून वर आणली. सत्तारनं चाचांकडे पाहिलं. चाचांनी दाढी कुरवाळली. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतंच.

वर दोघी समोरासमोर बसल्या आणि मग जो भाव सुरू झाला, काय सांगू! दिवलीबाई हसली, उठली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. खातूननं कपाळाला हात लावला, कापड नखानं खाजवून दाखवलं, शमाची शपथ घातली. इतक्या दिवसांचा तिचा कोंडलेला जीव मोकळा झाला. शेवटी दिवलीबाई म्हणाली, "हाऊ रंग नको बहीण. खाले एक देखेल शे, तोच आण."

खातूननं पडद्याआडूनच कठड्याशी जाऊन आवाज दिला, "नवलदादा, तो लाल तागा वर!"

डब्यात तागा कसा मावणार? नवलनं तो डब्याखालच्या आकड्याला बांधला आणि दोरी ओढली. गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून लालभडक तागा झुलत झुलत वर निघाला. रस्त्यावरचा ढोलसुद्धा क्षणभर थांबला. आणि मग बाजारात एकच बोभाटा झाला, की त्या दुकानात वर बाई बसली आहे, बायांना वर नेऊन कापड दाखवते.

मग विचारू नका! पहाडातल्या बाया आल्या. धानोऱ्याच्या आल्या, ब्राह्मणपुरीच्या पाटलिणी आल्या. मग मागच्या गल्लीनं बुरखे यायला लागले. ज्यांनी जन्मात स्वतःचं कापड स्वतः निवडलं नव्हतं, नवरा आणेल ते शिवायचं, अशा बाया माळ्यावर मांड्या ठोकून बसल्या आणि "हे नको, ते दाखव" म्हणू लागल्या. डबा वर, डबा खाली. कापड वर, गाठोडी खाली. मी तिथंच बांगड्यांची टोपली उघडली, धंदा का सोडायचा? खाली पुरुष पोरांना कडेवर घेऊन वाट बघत उभे होते. फार बरं वाटलं मला ते बघून.

दुपारी एक भलं मोठं गाठोडं तारेवरून आलं आणि उशीवर आपटून अनीसचाचांच्या पुढ्यातच थांबलं. त्यामागून पडद्याआडून आवाज आला, "अजी, आयकतस का? डबामा पैसा टाका!"

चाचा बाकावरून ताडकन उठले. तो आवाज त्यांच्या बीबीचा, बिस्मिल्लाबीचा होता.

"ही कवय उनी?" ते पुटपुटले. मग घसा खाकरून वर म्हणाले, "जरा भाव तर करू दे…"

"भाव मी करेल शे," वरून आवाज आला. "तुम्ही फक्त पैसा टाका."

सगळं दुकान हसलं. चाचांनी मुकाट्यानं पैसे डब्यात घातले आणि दोरीही स्वतःच ओढली.

सत्तारचा चेहरा उतरला होता. तरी तो पुढे झाला आणि म्हणाला, "चाचा, मंग निकाल काय?"

"निकाल?" चाचा गाठोडं काखेत मारत म्हणाले. "बेटा, माले सांजले घर जाणं शे! दुकान खातूननं. आते मन्हं डोकं खाऊ नको."

चाचा निघून गेले. सत्तार तसाच उभा राहिला. गादी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि आता ती कोणालाच नको होती. समोर गर्दी वाढत चालली होती, नवल एकटा कापड मोजून, फाडून, बांधून घामाघूम झाला होता. मला वाटलं, हा आता रागारागानं निघून जाणार. खरं सांगते, मला त्याची थोडी दयाही आली.

वरून खातूनचा आवाज आला. चिडलेला नाही, खिजवणारा नाही, साधा.

"सत्तारभैया, नवलदादाना हात पुरी नही ऱ्हायना. गज ल्या हातमा. महिनाना पगार देसू."

सत्तारनं पडद्याकडे पाहिलं. मग कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या आणि कापड मोजायचा गज उचलला.

"कोणता तागा?" त्यानं विचारलं.

"हिरवा. आणि मोजताना ताणू नका, भैया. दुकान मन्हं शे, नाव मन्हं जाई."