बिरूमामांची जुनी हाक

मार्गशीर्षातली तिरपी उन्हे ऊस तुटलेल्या रानावर रेंगाळत असताना, धुळीच्याही आधी बिरूमामांची हाक येते: "हुर्रऽऽ हेऽयो!" घशात खोल खरखरत उमटणारी, मग एकाएकी उंच होऊन हलकेच विरणारी. वडूजकडच्या कोरड्या माळावरून ते दरसाल आमच्या उंब्रजच्या रानात मेंढरं बसवायला येतात. लेंडीखत रानाला, पाला मेंढरांना. तांबडा पटका, काळे घोंगडे आणि मौन, एवढेच मामा. बाकी सगळे त्या हाकेत. ती ऐकली की दोनशे माना एकदम वळतात.

यंदा ती हाक मी ध्वनिमुद्रित करून परदेशी धाडली. देशोदेशींच्या मेंढपाळांचा सामायिक वारसा मांडणारे एक प्रदर्शन तिथे भरले आहे: काचेमागे काठ्या, घंटा, घोंगड्या, आणि पडद्याला बोट लावताच उमटणाऱ्या हाका. मामांची जुनी काठी तिथे आहे, आवाजही आहे. मला त्याचा अभिमान होता, आणि मिरवायची हौसही.

म्हणून रानाला लागूनच जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून, दारे उघडून, मी स्पीकरवर ती हाक मोठ्याने लावली. मामा रानाच्या पार दुसऱ्या टोकाला होते. मेंढरांनी माना उचलल्या, आणि मामांकडे पाठ फिरवून ती माझ्याकडे, रस्त्याकडे निघाली. ट्रकचा भोंगा वाजला. मामा जिवाच्या आकांताने ओरडले, तीच हाक. एकाच माणसाच्या दोन आवाजांमध्ये कळप थिजला. पुढच्या मेंढीचे खूर डांबरावर वाजले, तेव्हा कुठे माझ्या बोटाला बटण सापडले. मेंढी वाचली.

मामा आले. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

"पोरी, माजी हाक माघारी आन."

"मामा, ती आता जगभर गेली."

"जग काय मेंढरं राखतंय व्हय? उद्या मी न्हाई, आन कुनी ह्ये बटन दाबलं, तर माजी मुकी जित्राबं कुनाच्या मागं जातील गं?"



दुसऱ्या दिवसापासून, त्या वयात, मामा कळपाला जुनी हाक विसरायला लावून नवी शिकवू लागले. मूठमूठ मका पुढे धरायचे, पुन्हा पुन्हा साद घालायचे, खोकायचे. मी बांधावर दिसले की गप्प व्हायचे. ती नवी हाक मी आजवर ऐकलेली नाही, आणि ऐकवा म्हणायला मला तोंडही नाही.

शिमग्याला बिऱ्हाड निघाले. घोड्यावर ओझे लादून झाल्यावर मामा म्हणाले, "लाव आता ती जुनी."

मी घाबरून रस्त्याकडे पाहिले. "लाव म्हंतो न्हवं." मी लावली.

एकही मान वळली नाही. मेंढरं चरत राहिली. फक्त मामांनी, लांबून कुणी ओळखीचे बोलावत असावे तसे, वळून पाहिले.

त्या हाकेला वळणारा आता एवढा एकच जीव उरला आहे. एक दिवस तोही नसेल, आणि दूरदेशी काचेआडून ती हाक मात्र रोज, कुणाचेही बोट लागताच, जिथून कुणीही येणार नाही अशा रानाला बोलावत राहील.