गिरकी पाठ दाखवत नाही

जरा मागे व्हा

हिवाळा लागला की मिरजेहून पाहुणे यायचे आणि संपदाचं अख्खं घर हवामहालासमोर जाऊन उभं राहायचं. तिचे वडील दिलीप बँकेत होते. बदली होऊन जयपूरला आले ते जवाहर नगरातच रमले. जयपुरात आपलं माणूस आहे म्हटल्यावर नात्यातलं, शेजारातलं, बँकेतल्या कुणाच्या साडूकडचं कुणी ना कुणी येऊन टेकायचंच. त्यांना फिरवायचं काम संपदाकडे. आमेर, जलमहाल, हवामहाल. रस्ता ओलांडून पलीकडे जायचं, मधली रिक्षा जाऊ द्यायची, काकूंना पर्स बाजूला घ्यायला लावायची आणि फोटो काढायचा. लगेच सगळे तिच्याभोवती गोळा होऊन फोनवर वाकायचे. कुणाचे तरी डोळे मिटलेले निघायचे. परत रस्त्यापलीकडे.

एवढ्या वर्षांत मान वर करून त्या खिडक्यांकडे कुणी नीट पाहिलंच नाही, असं तिला एक दिवस वाटलं. पाठोपाठ वाटलं, मी तरी कुठे पाहिलं.

त्या रागात तिनं गिरकी बनवायला घेतली.


हलू नका

संपदा सीतापुऱ्यातल्या एका कारखान्यात खडे तपासणारे कॅमेरे बसवायची. पाचूत केसाएवढी भेग असली तरी तिच्या कॅमेऱ्याला ती दिसायची. कॅमेऱ्याला काय बघायचं ते शिकवणं, हा तिचा रोजचा धंदा. आता तिला असा कॅमेरा हवा होता की जो माणसांना चकवेल.

गच्चीवरच्या खोलीत गिरकी उभी राहिली. खाली तीन चाकं, त्यावर रंगाचा रिकामा डबा, त्यातून निघालेली टेबललॅम्पची मान आणि मानेच्या टोकाला डोळा. डब्याच्या पाठीवर छोटा स्क्रीन. कुणी पोज घेऊन समोर उभं राहिलं की गिरकीनं मान फिरवून दूर पळायचं. ज्याचं तिच्याकडे लक्ष नाही, त्याचा मात्र हळूच जवळ जाऊन फोटो काढायचा. बस, एवढंच काम.

पोज म्हणजे काय, हे यंत्राला कळायला फोटोंचा ढीग दाखवावा लागतो. ढीग घरातच होता. संपदानं कपाटातले अल्बम, जुन्या फोनमधले फोटो, आत्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेले गठ्ठे, सगळं गिरकीला भरवलं.

त्रिपोलिया बाजारातल्या एका हवेलीत थंडीतला कलामेळा भरायचा होता. तो भरवणारे शेखावतजी म्हणाले, आधी चालवून दाखवा, मग जागा.


हसा

गिरकी चौकात सोडली आणि पहिल्यांदा ती पळाली दारावरच्या चौकीदाराला बघून. तो बिचारा हात पुढे बांधून सरळ उभा होता. मग ती पळाली बायकोची वाट बघत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यापासून. मग खुद्द शेखावतजींपासून.

दिल्लीहून आलेल्या मुलींचा एक घोळका रंगीत कमानीखाली होता. एक ओढणी उडवत पाठमोरी चालली आणि मध्येच वळली. दोघी न झालेल्या विनोदावर हसल्या. एक कबुतरांकडे बघत हरवून गेली, आणि हरवलेली असतानाच केस सारखे करत राहिली. गिरकी धावत त्यांच्याकडे गेली आणि एकामागून एक फोटो काढत सुटली.

फोटो सुंदर आले. मुली किंचाळायच्या बाकी राहिल्या. शेखावतजींनी संपदाच्या पाठीवर थाप मारली. जागा दाराशीच, म्हणाले, शेजारी छापायचं मशीन ठेवू, फोटोखाली प्रायोजकाचं नाव येऊ दे, रांग लागेल.

संपदा मात्र गिरकीकडे बघत राहिली. चूक तिला परतीच्या वाटेवर, सिग्नलला थांबल्यावर सापडली. मिरजकर फोटोला उभे राहतात ते शाळेच्या वर्गाच्या फोटोसारखे. हात पुढे, पाय जुळवलेले, नजर समोर. त्यांच्यातलं कुणी कधी कबुतरांकडे बघत हरवलेलं नव्हतं. म्हणून गिरकीच्या लेखी सरळ उभं राहिलेलं प्रत्येक माणूस पोज देत होतं, आणि खरी पोज घेणारे सगळे बेसावध होते.

दिलीपना यात काही बिघडलंय असं वाटेना. ते चहा ओतता ओतता म्हणाले, "चुकून का होईना, जमलंय ना? मतलब, लोकांना आवडतंय."

"बाबा, लोकांना आवडतील असे फोटो मी लहानपणापासून काढतेय. त्याला यंत्र कशाला पाहिजे?"

"आणि त्यांनी जागा नाही दिली तर?"

"दुसरीकडे लावीन. कानोत्याच्या बंधाऱ्यावर लावीन, पिकनिकवाल्यांच्यात."

दिलीपनी तिच्याकडे नीट बघितलं आणि साखर घालायची विसरलेला चहा तिच्यापुढे ठेवला.


परत एकदा

याच सुमारास रत्नप्रभाआत्या मिरजेहून आली. दिलीपची थोरली बहीण. या खेपेला तिला जयपूर दाखवायचं नव्हतंच, सगळं बघून झालं होतं. तिला मेळा बघायचा होता, भाचीचं नाव कागदावर छापून आलेलं बघायचं होतं. रविवारी सकाळी संपदा हवामहालासमोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली, तर आत्याही शेंगदाण्यांची पुडी घेऊन शेजारी.

संपदा पोज मोजायला आली होती. पण त्या काही संपेनात. बोटांत महाल धरणारे, उड्या मारणारे, पाठ करणारे, झोपलेल्या बाळाला उठवून हसवणारे. हे सगळं गिरकीला शिकवायचं म्हणजे जन्म जाईल. ती वैतागून उठणार, तेवढ्यात तिनं पोजकडे बघणं सोडलं आणि पोजनंतर काय होतं ते बघायला लागली.

पोजनंतर सगळे एकच गोष्ट करत. मान पुढे काढून फोनकडे येत. नवरा-बायको, पोरं, परदेशी, मिरजकर, सगळे. बघू दे. दाखव.

ज्यानं फोटोसाठी केलं तो बघायला येतो. जो येत नाही, तो तिथे खरंच होता.


मान सरळ

मग गिरकी नव्यानं बांधली. आता ती कुणालाही नाकारणार नव्हती. फोटो सगळ्यांचा काढणार, तो पाठीवरच्या स्क्रीनवर लावणार आणि पाठ कुणाला दाखवणार नाही. तुम्ही डावीकडून आलात की ती तुमच्याबरोबर फिरणार. धावलात की धावत फिरणार. बघायला आलेल्याचा फोटो पुसणार. जो आलाच नाही, त्याचा ठेवणार, आणि अंधार पडल्यावर हवेलीच्या भिंतीवर मोठा करून लावणार. संपदानं रजा टाकली. मोटर जळली, दुसरी आणली. मान मोडली, जोडली. चाकं फरशीवर घसरायला लागली तेव्हा त्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं.

शेखावतजींना ते मुळीच पटलं नाही. पहिलं मशीन कुठाय, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, ते मोडलं. छापायचं मशीन नाही, प्रायोजकाचं नाव नाही, लोक चिडून जातील, ते म्हणाले. ती म्हणाली, जातील. दाराशी जागा मिळणार नाही. चालेल. जनरेटरशेजारी देईन. द्या. आणि एकच दिवस. एक दिवस तर एक दिवस.

"आप लड़ने आई हैं या दिखाने?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दिखाने," संपदा म्हणाली, आणि जनरेटरशेजारची जागा झाडायला गेली.


बघू दे

दुपारपर्यंत जनरेटरभोवती हीऽ गर्दी. लोक गिरकीभोवती गोल फिरत होते, दोन बाजूंनी घेरत होते, एकानं तर आडवं पडून बघायचा प्रयत्न केला. दोन बाजूंनी कुणी आलं की गिरकी भिंतीला पाठ लावून सगळ्यांना तोंडच दाखवायची. काही हसले, काही तणतणत गेले. शेखावतजी दोनदा येऊन गर्दी बघून गेले.

आत्यानं पदर खोचला होता. तिचा फोटो काढल्याचा आवाज तिनं ऐकला होता आणि आता ती गिरकीमागे धावत होती, गिरकी तिच्यापुढे फिरत होती. धाप लागली तशी ती संपदाकडे आली.

"फोटो काढतंय का गनिमी कावा करतंय गं हे?"

संपदा हसली. गिरकीचे फोटो संपदाच्या लॅपटॉपवर येत होते, आत्या तिकडे बघत होती.

"ह्यात असतोय की सगळा. पुसायच्या आधी दाव मला गुपचूप."

"नाही आत्या."

"अगं, माझी गाडी आहे संध्याकाळी. तुझी ती भिंत उजळायच्या आत मी गाडीत बसून जयपूरच्या बाहेर गेलेली असणार."

"माहीत आहे."

"मग? शेखावताला नाही म्हणालीस ते बरोबर. मी कोण, शेखावत?"

संपदानं लॅपटॉपवर हात ठेवला होता. आत्यासाठी एकदा, फक्त एकदा, हे तिच्या अगदी ओठावर आलं. पण एकदा दाखवलं की गिरकी म्हणजे नुसता गोल फिरणारा डबा.

"तुला दाखवलं तर बाकीच्यांना मी उगाच पळवलं," ती म्हणाली. "नाही दाखवणार."

आत्या फुगली. हेकट पोरगी, बापावर गेलीय, असं काहीतरी पुटपुटत ती पलीकडच्या ओट्यावर जाऊन बसली. पदर सोडला, चप्पल काढून तळवा चोळला. समोरच्या भिंतीवर जुना रंगवलेला हत्ती होता, त्याची अर्धी सोंड उडालेली. आत्या त्या सोंडेकडे बघत बसली. आधी रागानं, मग नुसतीच.

गिरकी गर्दीतून बाहेर आली, हळूहळू फरशीवरून गेली आणि ओट्यापुढे थांबली. आवाज झाला. आत्यानं दचकून खाली बघितलं. तिचा हात ओट्यावर टेकला, ती अर्धी उठली. गिरकी पाठ वाचवायला फिरायच्या तयारीत.

संपदा जागची हलली नाही. लॅपटॉपवरचा फोटो तिला दिसत होता.

आत्या परत खाली बसली. चप्पल पायानं जवळ ओढली, पण घातली नाही. "जा," ती गिरकीला म्हणाली, "ठेव तुझ्याकडंच," आणि पुन्हा हत्तीकडे बघायला लागली.