शेठना पोचलं तेवढं

वळ गावातल्या गोदामात इंटरनेटवरचे फोन मेघालीने बसवले होते. मालक केसरीनाथशेठ घरून त्याच फोनवर ओरडत होते, "तुजा आवाज तुटतो हाय. आज जमलं न्हाय तर सगळे फोन काडून ने!"

मेघाली म्हणाली: "शेठ, थोडा वेळ द्या, मी शोधते."
शेठना पोचलं: "शेठ, थो . . . . . धते."

तिने लाइनवरून जाणारा डेटा लॅपटॉपवर पकडला आणि चाळला. फोनमधून तिच्या आवाजाचा प्रत्येक तुकडा धडधाकट निघत होता. राउटरबाहेर पडताना निम्मे गळत होते, कारण गोदामातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र त्याच लाइनवरून एकाच घरी धावत होतं. शेठच्या. मेघाली काम करते की नाही, हे ते टीव्हीवर बघत बसले होते.

तिने खोक्यावर मार्करने लिहिलं आणि खोकं कॅमेऱ्यासमोर धरलं: 'शेठ, कॅमेरे बंद करा.'

"केले बंद," शेठ म्हणाले. "पन आता तू काम करते का न्हाय, मना कसा कलनार?"

मेघाली म्हणाली: "फोन करून विचारा ना, शेठ!"
शेठना पोचलं: "फोन करून विचारा ना, शेठ!"

आणि तिचं हसूही, अख्खं.

"र्‍हाऊ दे मग फोन," शेठ म्हणाले.