कृष्णेतला बांगडा

"जाळं टाकता येईना, आन् ही पोरं आमास्नी मासं दावणार!" केरबा बायकोच्या कानाशी पुटपुटला. महिनाभर रिकामं जाळं ओढून दमलेल्या साळूबाईला मात्र थोडी आशा होती.

कराडच्या कॉलेजच्या पोरांनी मासे शोधणारा रोबो कृष्णेत सोडला. या रोबोला बक्षीस ठेवणारे साखर कारखान्याचे चेअरमन काठावर हार घालून बसले होते. पडद्यावर मासा दिसला, तशा टाळ्या पडल्या.

साळूबाईला हसू आवरेना. "आवं सायेब, ह्यो तर बांगडा! समुद्रातनं यष्टीनं आला व्हय?"

कॉलेजचे सर गडबडले. "प्रात्यक्षिकासाठी... बाजारातून आणून दोरीला बांधलाय."

रोबो बनवणारी क्रांती चेअरमनांकडे वळली. "नदीत मासाच उरला नाही, साहेब. तुमच्या कारखान्याच्या पाण्यानं सगळे मेले."